टुंड्रातील कोरडी राजधानी : सिव्हिलायझेशन ६ मध्ये खराब सुरुवात कशी निभवावी?

वऱ्हाडचा_वजीर (धागाकर्ता)

सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरच्या, शहरे वसवून राज्य वाढवण्याच्या खेळाचा नवा डाव मी एम्परर या अवघड पातळीवर मांडला आहे. गॅदरिंग स्टॉर्म हा विस्तार सोबत आहे, वेग स्टँडर्ड आहे आणि गांधींचा भारत निवडला आहे. नकाशाने दिलेली जागा अशी : सेटलर (नवे शहर वसवणारी तुकडी) सपाट टुंड्रावर उभा आहे, पूर्वेला एकाच टाइलवर (नकाशाच्या षटकोनी घरावर) समुद्रकिनारा आहे, किनाऱ्याजवळच्या पाण्यात एक मासळीची टाइल आहे, पश्चिमेला जंगलात हरणांच्या दोन टाइल आहेत आणि उत्तरेला एक डोंगर आहे, ज्याच्या पलीकडे बर्फ दिसतो. नदी किंवा तळे दृष्टीच्या टप्प्यात कुठेही नाही. दक्षिणेला तीन टाइलवर प्लेन्सच्या दोन टेकड्या दिसतात आणि त्यापुढचा नकाशा अजून झाकलेला आहे.

हा डाव मोडून नवा मांडावा, असे मला वाटत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा खेळ खेळणारे आम्ही मोजकेच आहोत आणि मे २०२० मध्ये एपिक या ऑनलाइन खेळविक्रेत्याने मूळ खेळ फुकट दिला तेव्हापासून बहुतेकांची सुरुवात झाली. शेतीची कामे आटोपल्यावर, वीज असेल तेवढा वेळ खेळायचे आणि उरलेले दुसऱ्या दिवसावर ठेवायचे, असा आमचा रिवाज आहे. सोयाबीन पेरताना मांडलेला डाव काढणीपर्यंत चालतो. म्हणूनच नकाशा मनासारखा येईपर्यंत पुन्हापुन्हा डाव मांडणारा खेळाडू चांगल्या जमिनीवर खेळायला शिकतो आणि वाईट जमिनीपुढे कायमचा अडाणी राहतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. शहर जागेवरच वसवावे, किनाऱ्यावर न्यावे, की दक्षिणेच्या टेकड्यांकडे चालत जावे? पहिल्या चाळीस-पन्नास टर्नमध्ये कशाला प्राधान्य द्यावे? आणि टुंड्राचा काही उपयोग करून घेता येतो का, की ती जमीन पडीक समजून सोडून द्यावी?

झाडीपट्टी

वजीरभाऊ, तुमच्या निश्चयाचा आदर राखून माझे मत वेगळे आहे. एम्परर पातळीवर संगणकाच्या संस्कृतींना उत्पादन, विज्ञान आणि इतर बाबतींत आधीच वाढीव टक्के मिळालेले असतात, त्यामुळे जमिनीनेही दगा दिला तर तूट दोन्ही बाजूंनी येते. खेळ बनवणाऱ्यांनीच पहिल्या टर्नला पुन्हा सुरुवात करण्याची सोय मेनूत दिली आहे आणि नवा डाव मांडताना सुरुवातीची जागा ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘लेजंडरी’ निवडता येते. ही सोय वापरण्यात कमीपणा नाही. विशेषतः जो खेळाडू अजून डिस्ट्रिक्टची (शहराभोवतीच्या टाइलवर बांधायच्या खास विभागांची) मांडणी शिकतो आहे, त्याने आधी नदीकाठी खेळावे आणि मग टुंड्राच्या वाटेला जावे.

पूर्णाकाठ

झाडीपट्टीभाऊंचा सल्ला नवशिक्यासाठी योग्य आहे, पण धागाकर्ते नवशिके दिसत नाहीत, म्हणून मी मूळ प्रश्नाकडे वळतो.

‘खराब सुरुवात’ या एका नावाखाली वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कुठे गोडे पाणी नसते, कुठे अन्न नसते, कुठे उत्पादन नसते आणि कुठे हे सगळे असूनही शेजारी इतका जवळ असतो की दुसऱ्या शहराला जागाच उरत नाही. चौथे दुखणे मी सर्वांत अवघड मानतो, कारण त्यावर बहुतेक वेळा युद्धाखेरीज उपाय नसतो. तुमच्या जागेत पाण्याचे आणि अन्नाचे दुखणे आहे, पण उत्पादन बरे आहे. हे एकदा ओळखले की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

आधी पाणी. या खेळात नदी, तळे किंवा ओअॅसिसला लागून वसवलेल्या शहराला ५ हाउसिंग (किती लोकसंख्येला राहायला जागा आहे, तो आकडा) मिळते, नुसत्या किनाऱ्यावरच्या शहराला ३ आणि कोरड्या जागी २. राजधानीतला राजवाडा त्यात १ ची भर घालतो. म्हणजे तुम्ही उभे आहात तिथेच राजधानी केली तर ३, किनाऱ्यावर ४ आणि नदीकाठी असती तर ६. हाउसिंग लोकसंख्येपेक्षा एकानेच जास्त उरले की वाढीचा वेग निम्मा होतो आणि दोन्ही आकडे समान झाले की वेग पाव होतो. कोरड्या राजधानीत हे संकट लोकसंख्या २ वर असतानाच सुरू होते. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक आहोत, विहिरीला पाणी लागूनही ते पिण्याच्या आणि ओलिताच्या कामाचे नसते हे आम्हाला कुणी सांगावे लागत नाही. या खेळातला समुद्रकिनारा अगदी तसाच आहे, पाणी डोळ्यांसमोर असते पण ३ च्या वर आकडा सरकत नाही.

आता चालत जायचे का? राजवाडा दर टर्नला ५ सोने, २ उत्पादन, २ विज्ञान आणि १ संस्कृती देतो, म्हणजे शहर वसवायला जितके टर्न उशीर तितके हे उत्पन्न बुडाले. सेटलरच्या चाली दोनच असतात आणि जंगल किंवा टेकडी चढायला दोन्ही खर्ची पडतात, त्यामुळे तीन टाइलवरची टेकडी गाठायला दोन-तीन टर्न सहज जातील. एवढे करून तिथे नदी असेल याची खात्री नाही. प्लेन्सच्या टेकडीवर शहराच्या मधल्या टाइलला २ अन्न आणि २ उत्पादन मिळते, इतरत्र निदान २ आणि १ मिळते. एका उत्पादनाच्या फरकासाठी मी अंधारात चालणार नाही. समोर नदी दिसत असती तर दोन टर्न आनंदाने दिले असते. म्हणून माझा कौल किनाऱ्याला आहे. सेटलर निवडल्यावर पाण्याचे रंग दाखवणारी लेन्स आपोआप लागते, तिच्याकडे एकदा नीट पाहून घ्या, कारण झाकलेल्या भागाच्या कडेला असलेली नदी नुसत्या डोळ्यांनी पुष्कळदा सुटते.

किनाऱ्यावरची कोणती टाइल, हेही महत्त्वाचे आहे. अॅक्विडक्ट (पाणी आणणारा कालवा) हा डिस्ट्रिक्ट इंजिनिअरिंग हे तंत्रज्ञान आल्यावर मिळतो आणि गोडे पाणी नसलेल्या शहराला तो ६ हाउसिंगपर्यंत पोहोचवतो. त्यासाठी नदीच हवी असे नाही, डोंगरही चालतो. अट एवढीच की अॅक्विडक्टची टाइल एका बाजूने शहराला आणि दुसऱ्या बाजूने डोंगराला लागून असावी. तुमच्या उत्तरेच्या डोंगरापासून दोन टाइल अंतरावर शहर बसवले, तर मधल्या टाइलवर पुढे पाणी आणता येईल. ती मधली टाइल दुसऱ्या कशानेही अडवू नका.

पहिल्या टर्नचा हिशोब मांडून पाहा. मासळीची टाइल मासेमारीची होडी नसतानाही २ अन्न आणि १ सोने देते. पहिला नागरिक तिथे ठेवला तर शहराचे २ आणि मासळीचे २ मिळून ४ होतात, त्यातले २ तो स्वतः खातो आणि २ शिल्लक राहतात. दुसरा नागरिक मिळायला १५ अन्न लागते, म्हणजे आठ टर्न. हाच नागरिक हरणांच्या जंगलात ठेवला तर तिथे १ अन्न आणि २ उत्पादन आहे, शिल्लक १ राहते आणि दुसऱ्या नागरिकाला पंधरा टर्न लागतात. म्हणून आधी मासळी, मग हरणे. दुसरा नागरिक हरणांवर बसल्यावर शहराचे १, राजवाड्याचे २ आणि जंगलाचे २ असे ५ उत्पादन होते. पहिल्या सेटलरची किंमत ८० आहे, म्हणजे सोळा टर्न. अर्बन प्लॅनिंग हे धोरण लावले तर ६ उत्पादन होऊन चौदा टर्न लागतात.

या धाग्यातला सर्वांत कळीचा मुद्दा मला हा वाटतो. सेटलर बाहेर पडताना शहराचा एक नागरिक घेऊन जातो. सुपीक राजधानीत हे नुकसान जाणवते, कारण तो नागरिक तिथे राहून आणखी वाढला असता. हाउसिंगच्या कुंपणाला टेकलेल्या शहरात मात्र वाढ आधीच पाव झालेली असते, त्यामुळे तिथला नागरिक बाहेर गेला तर जवळपास काहीच बिघडत नाही, उलट मागे उरलेल्यांची वाढ पुन्हा वेग धरते. खराब राजधानीला मोठी करण्याचा हट्ट सोडून तिला सेटलर देणारी जागा मानावे. वंडर, मंदिर, नाट्यगृह यांचा विचार दुसरे आणि तिसरे शहर उभे राहिल्यावर करावा.

मेळघाटची_वाट

पूर्णाकाठभाऊंच्या हिशोबात जंगलाची भर घालतो. मायनिंगनंतर बिल्डर (जमीन सुधारणारा कामकरी) जंगल तोडू शकतो आणि त्याचे उत्पादन चालू कामात एकदम जमा होते. तंत्रज्ञान आणि सिव्हिक्स (समाजव्यवस्थेचे शोध) पुढे जातील तसे हे उत्पन्न वाढत जाते, त्यामुळे पहिल्याच बिल्डरने सगळे रान साफ करू नये. मॅग्नस हा गव्हर्नर ज्या शहरात बसलेला असतो तिथे तोडीतून मिळणारे उत्पन्न ५० टक्क्यांनी वाढते आणि पुढची बढती दिली तर त्या शहरातून निघणारा सेटलर लोकसंख्या घटवत नाही. कमी हाउसिंगच्या राजधानीला याहून योग्य गव्हर्नर मला सुचत नाही.

हरणांची दोन जंगले मात्र तोडू नका. अॅनिमल हज्बंडरीनंतर तिथे कॅम्प बांधला की एक सोने आणि अर्धे हाउसिंग मिळते, म्हणजे दोन कॅम्पचे एक पूर्ण. गॉडेस ऑफ द हंट हे पॅन्थिऑन (धर्माआधी निवडायचे दैवत) घेतले तर प्रत्येक कॅम्पवर १ अन्न आणि १ उत्पादन वाढते आणि टुंड्रातली ती टाइल २ अन्न, ३ उत्पादन देऊ लागते. एवढे उत्पन्न गवताळ प्रदेशातही सहज मिळत नाही.

पैनगंगा

मेळघाटदादा, दोन कॅम्पसाठी पॅन्थिऑन खर्च करणे मला पटत नाही. टुंड्रातच सुरुवात झाली असेल तर डान्स ऑफ द ऑरोरा घ्यावे. त्यामुळे होली साइट या धार्मिक डिस्ट्रिक्टला शेजारच्या प्रत्येक टुंड्रा टाइलमागे १ श्रद्धा (सोन्यासारखीच जमवून खर्चायची) मिळते, म्हणजे चहूबाजूंनी टुंड्रा असलेल्या एकाच होली साइटला ६. वाळवंटात सुरुवात झाली असती तर हेच काम डेझर्ट फोकलोर करते. जमिनीला अन्न नाही हे मान्य आहे, पण श्रद्धा पिकवायला जमीन सुपीक असावी लागत नाही, आणि श्रद्धेचे रूपांतर शहरांत करता येते ही गोष्ट पुष्कळ जण लक्षात घेत नाहीत.

ते कसे, हे सविस्तर लिहिते. २०१८ च्या राइझ अँड फॉल विस्तारापासून युगांची पद्धत आली, आणि गॅदरिंग स्टॉर्ममध्येही ती आहे. प्राचीन युगात पुरेसे गुण जमवले तर क्लासिकल युग तुमच्यासाठी सुवर्णयुग ठरते आणि मॉन्युमेंटॅलिटी हा संकल्प घेता येतो. तो घेतल्यावर बिल्डर आणि सेटलर श्रद्धा देऊन विकत घेता येतात, तेही कमी दरात. राजधानीचे तुटपुंजे उत्पादन मग आड येत नाही. भारताचे तर यात दुहेरी हित आहे, कारण ज्या संस्कृतींनी धर्म स्थापन केला आहे आणि ज्यांच्याशी तुमचे युद्ध नाही, अशा प्रत्येक ओळखीच्या संस्कृतीमागे गांधींना ५ श्रद्धा मिळते. ज्यांच्याकडे केवळ फुकट मिळालेला मूळ खेळ आहे, त्यांना मॉन्युमेंटॅलिटी मिळणार नाही. त्यांनी मेळघाटदादांच्या मार्गाने जावे हे बरे.

गुणांसाठी आसपासची रानटी ठाणी मोडणे आणि नैसर्गिक आश्चर्ये शोधणे हे दोन मार्ग मोठे सैन्य नसतानाही जमतात. तुमच्या उत्तरेला ओसाड प्रदेश आहे आणि रानटी ठाणी आपल्या नजरेबाहेरच्या जागीच उगवतात, त्यामुळे तशी संधी तुम्हाला मिळेल. त्यांचा टेहळ्या तुमचे शहर पाहून परत गेला की धाड येते. म्हणून पहिल्या स्काउटनंतर (आपल्या टेहळ्यानंतर) एक स्लिंगर (गोफणधारी सैनिक) करून घ्यावा आणि तो टेहळ्या परतण्यापूर्वी गाठावा.

पूर्णाकाठ

पैनगंगाताई, तुमचा मार्ग पुढे नक्कीच मोठा आहे, पण सुरुवातीच्या एका अडचणीकडे लक्ष वेधतो. पॅन्थिऑनला २५ श्रद्धा लागते. होली साइट नसताना ती मुख्यतः गॉड किंग धोरणातून येते, दर टर्नला १. चीफडम या पहिल्या राज्यपद्धतीत आर्थिक धोरणाची जागा एकच आहे, म्हणजे गॉड किंग लावले तर अर्बन प्लॅनिंग लागत नाही आणि पहिला सेटलर दोन टर्न लांबतो. शिवाय तोपर्यंत डान्स ऑफ द ऑरोरा दुसऱ्या कोणी उचलले तर हाती काही राहत नाही, कारण एक पॅन्थिऑन एकालाच मिळते.

पैनगंगा

दोन टर्नांचा तोटा मी मान्य करते आणि तरीही गॉड किंगच आधी लावते. टुंड्रात पॅन्थिऑन हे राजधानीचे भांडवल आहे, त्यावर पुढचा सगळा डाव उभा राहतो. एखादे धार्मिक सिटी-स्टेट (एकाच शहराचे स्वतंत्र राज्य) सर्वांत आधी भेटले तर पहिला दूत फुकट मिळतो आणि राजधानीत २ श्रद्धा सुरू होते, मग हा काळ बराच आखडतो. २५ जमताच पुढचे सिव्हिक पूर्ण होईल त्या टर्नला धोरण विनामूल्य बदलून अर्बन प्लॅनिंग लावता येते. पुढे अर्ली एम्पायरनंतर कॉलनायझेशन घ्यावे, त्याने सेटलर ५० टक्के वेगाने तयार होतात. ते सिव्हिक लवकर मिळावे यासाठी सर्व शहरांची मिळून लोकसंख्या ६ करावी लागते, आणि दुसरे शहर लवकर झाले तर हेही आपोआप साधते.

वऱ्हाडचा_वजीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. राजधानी किनाऱ्यावर, डोंगरापासून दोन टाइल सोडून वसवली आणि पहिला नागरिक मासळीवर ठेवला. स्काउट दक्षिणेला पाठवला, कारण टुंड्राचा पट्टा ध्रुवाकडे असतो आणि विषुववृत्ताच्या दिशेने जमीन सुधारत जाते. त्या दोन टेकड्यांच्या पलीकडे पश्चिमेकडून येणारी एक नदी निघाली. तिच्या काठी सपाट गवताळ भाग आहे, दगडाची एक टाइल आहे आणि पूरमैदानाचा एक तुकडा आहे. पैनगंगाताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी गॉड किंग लावले आणि डान्स ऑफ द ऑरोरा मिळाले.

आता अडचण वेगळी आहे. नदीच्या दक्षिणेला जर्मनीचे शहर दिसते आहे. नदीकाठची सर्वांत चांगली जागा त्या शहराच्या बरीच जवळ आहे आणि राजधानीकडची जागा त्यामानाने मध्यम आहे. दुसरे शहर कुठे करावे?

पूर्णाकाठ

राजधानीकडच्या जागेवर. प्रत्येक शहराच्या लोकसंख्येचा निष्ठेवरचा दाब ९ टाइलपर्यंत पोहोचतो आणि अंतराबरोबर कमी होत जातो. जर्मनीची राजधानी मोठी असेल आणि तुमची तीन-चार नागरिकांची, तर सीमेवरचे नवे शहर काही टर्नमध्ये बंड करून निघून जाईल. गव्हर्नर बसवल्यावर ८ निष्ठा मिळते, पण पहिला गव्हर्नर तुम्हाला राजधानीत मॅग्नस म्हणून हवा आहे. मध्यम जागेला नदीचे ५ हाउसिंग असेल तर ती मध्यम नाहीच, तुमच्या डावातली ती सर्वोत्तम जागा आहे. दोन शहरांमध्ये निदान तीन टाइल सोडाव्या लागतात. त्याहून फार लांब जाऊ नका, म्हणजे दोन्ही शहरे एकमेकांना दाबाने सांभाळतील.

तिथे सपाट जमीन आहे, तेव्हा इरिगेशननंतर भारताची पायऱ्यांची विहीर तिथे बांधा. ती १ अन्न आणि १ हाउसिंग देते आणि शेजारी शेत असेल तर अन्न आणखी वाढते. टेकडीवर ती होत नाही आणि दोन विहिरी शेजारी शेजारी बांधता येत नाहीत, म्हणून विहिरींच्या मधल्या टाइलवर शेते ठेवावीत.

झाडीपट्टी

चर्चा वाचून एवढे मान्य करतो की हा डाव मोडण्यासारखा नाही. तरी राजधानीच्या अन्नाचा प्रश्न कोणी सोडवलेला दिसत नाही. शहरे वाढतील, पण राजधानी तीन नागरिकांवर अडून राहिली तर तिथे दुसरा डिस्ट्रिक्टसुद्धा होणार नाही, कारण त्यासाठी लोकसंख्या ४ लागते आणि तिसऱ्यासाठी ७.

मेळघाटची_वाट

पॉटरीनंतर ग्रॅनरी बांधावी, ती २ हाउसिंग आणि १ अन्न देते. सेलिंगनंतर मासळीवर मासेमारीची होडी बांधावी, म्हणजे ती टाइल ३ अन्नाची होते. खरा उपाय मात्र व्यापार आहे. फॉरेन ट्रेड हे सिव्हिक पूर्ण होताच पहिला मार्ग मिळतो. देशांतर्गत मार्गाचे अन्न आणि उत्पादन तो ज्या शहरातून निघतो त्या शहराला मिळते आणि दुसऱ्या टोकाच्या शहरात जितके डिस्ट्रिक्ट असतील तितके ते वाढते. कॅम्पस आणि होली साइट अन्न वाढवतात, कमर्शियल हब आणि हार्बर उत्पादन वाढवतात. म्हणून नदीकाठच्या शहरात पहिला डिस्ट्रिक्ट कॅम्पस करा आणि व्यापारी राजधानीतून तिकडे पाठवा. राजधानीला दर टर्नला २ अन्न आणि १ उत्पादन येऊ लागेल, शिवाय दोन्ही शहरांमध्ये रस्ता तयार होईल, ज्यावरून पुढचे सेटलर झपाट्याने जातील.

पैनगंगा

आणि राजधानीत पहिला डिस्ट्रिक्ट होली साइटच करा, शक्य तितक्या टुंड्राच्या मध्यभागी. अॅक्विडक्टसाठी ठेवलेली टाइल सोडून पश्चिमेला जागा पाहा. पुढे धर्म स्थापन झाला तर वर्क एथिक हे धर्मतत्त्व निवडा. होली साइटला शेजारच्या टाइलमुळे जितकी श्रद्धा मिळते तितकेच उत्पादन त्यातून शहराला मिळते, आणि त्या टुंड्राच्या राजधानीत ते ५-६ च्या घरात जाईल. धर्म स्थापन करणाऱ्या संदेष्ट्यांची संख्या मर्यादित असते, तेव्हा होली साइट लांबणीवर टाकू नका.

वऱ्हाडचा_वजीर (धागाकर्ता)

दुसरे शहर नदीकाठी, राजधानीकडच्या बाजूला वसले आहे आणि त्याची निष्ठा स्थिर आहे. जर्मनीने त्यांचा सेटलर आमच्या सीमेपर्यंत आणून परत नेला. होली साइट पश्चिमेच्या जंगलापलीकडे अशा टाइलवर ठेवली आहे की तिच्या पाच बाजूंना टुंड्रा येतो. नदीकाठी कॅम्पसचे काम सुरू आहे, ते संपताच राजधानीतला व्यापारी तिकडे निघेल. सध्या मेसनरी घेऊन राजधानीभोवती कोट बांधतो आहे, कारण त्याने इंजिनिअरिंगचे युरेका (शोध लवकर लागण्याची सवलत) मिळते, आणि डोंगराखालची टाइल अॅक्विडक्टसाठी मोकळी ठेवली आहे. मॉन्युमेंटॅलिटीसाठी थोडे गुण अजून कमी पडत आहेत, म्हणून स्लिंगर आणि वॉरियर दोघेही ईशान्येच्या रानटी ठाण्याकडे निघाले आहेत. तिसऱ्या शहरासाठी नदीच्या उगमाजवळची जागा पाहून ठेवली आहे, तिचा नकाशा उद्या वीज आल्यावर इथे टाकतो.